लहान शाळेतले प्रकल्प: कामाला हात कमी पडू द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: शाळा लहान, सगळे वर्ग मिळून सत्तरेक मुलं, शिक्षक चार. प्रकल्प घरी दिले तर पालकांच्या हातचे होऊन येतात. शाळेत करायला घेतले तर तीच पाच-सहा चुणचुणीत मुलं सगळं उरकतात आणि बाकीची कडेला उभी राहतात. मुलांच्या कामात कल्पकता कशी येईल, आणि त्यातून शाळेत एकोपा कसा वाढेल? वेळ, माणसं आणि पैसा, तिन्हींची ओढाताण आहे.

मी बरीच वर्षं लहान शाळांमध्येच प्रकल्प चालवत आलो आहे. तुम्ही शाळेचं लहान असणं अडचणींच्या यादीत घातलं आहे. मी ते तिथून काढून भांडवलाच्या बाजूला मांडेन. लहान शाळेतला प्रकल्प बहुतेक वेळा फसतो तो मुलांच्या मानाने काम फार थोडं असतं म्हणून. तीस मुलांना मिळून एक तक्ता करायला सांगितला, तर त्यात जेमतेम चार जणांचं काम आहे. उरलेल्या सव्वीस जणांनी करायचं काय? ती कडेला उभी राहतात यात त्यांचा आळस शोधू नका.

याला चांगला आधार आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात रॉजर बार्कर आणि पॉल गम्प या मानसशास्त्रज्ञांनी लहान-मोठ्या माध्यमिक शाळांची तुलना केली. ते काम १९६४ मध्ये प्रसिद्ध झालं. मोठ्या शाळांत उपक्रम जास्त होते, पण विद्यार्थी ज्या पटीत वाढले होते त्या पटीत उपक्रम वाढले नव्हते. त्यामुळे मोठ्या शाळेतल्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या वाट्याला प्रेक्षकाचीच भूमिका येई, आणि लहान शाळेतला विद्यार्थी कुठे ना कुठे जबाबदारीच्या जागी असे. पुढे एडविन विलेम्स यांनी अभ्यासात मागे पडणाऱ्या, शाळेत फारशा न रुळलेल्या मुलांकडे मुद्दाम पाहिलं. मोठ्या शाळेत अशा मुलांना ‘आपण गेलं पाहिजे, आपल्यावाचून अडेल’ असं फारसं वाटत नव्हतं. लहान शाळेत मात्र ते त्यांना इतरांइतकंच वाटत होतं. कारण साधं आहे, तिथे त्यांच्यावाचून खरोखरच अडत होतं.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, एकोप्याचा, मी यातच धरतो. एकोप्यावर भाषणं, घोषवाक्यं, भिंतीवरचे सुविचार यांनी काही बिघडत नाही, आणि फारसं काही घडतही नाही. मूल आज आलं नाही म्हणून कुणाचं तरी काम खोळंबलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला ‘काल कुठे होतास?’ असं मित्रांनीच विचारलं, की शाळा त्याची होते. म्हणून प्रकल्प निवडताना माझा पहिला निकष हाच असतो: या कामाला आपल्याकडे आहेत त्यापेक्षा थोडे जास्तच हात लागतात का? लागत असतील तर घ्या. कमी लागत असतील तर काम मोठं करा, नाहीतर गट लहान करा.

आता घरून तयार होऊन येणाऱ्या प्रकल्पांबद्दल. विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली प्रकल्प पद्धतीवर लिहिलेल्या निबंधात चार टप्पे सांगितले आहेत: हेतू ठरवणं, आखणी करणं, काम पार पाडणं आणि झालेल्या कामाची पारख करणं. चारही टप्पे मुलांचे असावेत असा त्यांचा आग्रह होता. प्रत्यक्षात हेतू शिक्षक ठरवतात, आखणी पुस्तकात छापलेली असते आणि पारख गुणांच्या रकान्यात होते. मुलांच्या वाट्याला राहतो तो तिसरा टप्पा, आणि नेमका तोच उचलून घरी नेता येतो. पालकांना सक्त सूचना देऊन हे थांबत नाही. सूचनापत्रं काढून पाहणारे सहकारी मी पुष्कळ पाहिले आहेत. काम शाळेच्या जागेला, शाळेतल्या माणसांना आणि रोजच्या नोंदींना बांधलेलं असलं की ते घरी नेताच येत नाही. ज्वालामुखीची प्रतिकृती घरी होते. शाळेच्या छतावर पडणाऱ्या पाण्याचा हिशेब घरी होत नाही.

हाच हिशेब उदाहरण म्हणून जरा सविस्तर घेतो, कारण सगळ्या वयाच्या मुलांना पुरून उरेल असं हे काम आहे. सरळ उभ्या भिंतींचं सपाट तळाचं भांडं उघड्या जागी, झाडा-भिंतींपासून दूर ठेवायचं आणि रोज एकाच वेळी पट्टीने पाणी मोजून ओतून टाकायचं. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी, एवढं एक सूत्र पुरतं. छताची आडवी पसरण १२० चौरस मीटर असेल आणि १५ मिलिमीटर पाऊस झाला, तर छतावर १८०० लिटर पाणी पडलं. उतरत्या छताला उतारावरची लांबी धरायची नाही, जमिनीवर त्याने झाकलेली जागा धरायची. यावर मोठी मुलं तासभर वाद घालतात आणि घालू द्यावा. पन्हळीतून प्रत्यक्षात किती पाणी हाती येतं, मधे कुठे गळतं, शाळेला दिवसाला लागतं किती, हे पुढचे प्रश्न मुलंच काढतात. लहानगी पट्टी वाचतात, मधली नोंदवही आणि आलेख सांभाळतात, मोठी क्षेत्रफळ काढतात. कुणीतरी रोजचा आकडा फलकावर लिहायचा असतो, कुणीतरी कालची नोंद तपासायची असते, सुट्टीच्या दिवसाची पाळी कुणाची हे ठरवायचं असतं. एक नोंद चुकली तर आलेखाला भोक पडतं आणि ते सगळ्यांना दिसतं. इथे प्रत्येक जण लागतो.

यात कल्पकता कुठे, असं कुणी विचारेल. ती आकडे इतरांपुढे मांडताना येते. एका शाळेत मुलांनी आलेखाऐवजी लोकरीची लांब पट्टी विणायला घेतली: दर दिवसाला एक ओळ, कोरड्या दिवसाला एक रंग, पावसाच्या प्रमाणानुसार बाकीचे रंग. पट्टी वर्गाच्या भिंतीवरून बाहेरच्या भिंतीवर गेली. येणारा-जाणारा माणूस तिच्याकडे बोट दाखवून विचारायचा आणि जे मूल जवळ असेल ते समजावून सांगायचं. विणायला शिकवलं ते अभ्यासात मागे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका मुलीने. तिला हे येतं, हे शिक्षकांनाही ठाऊक नव्हतं.

कल्पकता म्हणजे रंगीत कागद आणि चमकी, ही समजूत आधी सोडा. खऱ्या कामात खरी अट आली की मूल डोकं चालवतं. शाळेचा नकाशा करणं हे तसं नीरस काम आहे. तोच नकाशा नीट न दिसणाऱ्या विद्यार्थ्याला बोटांनी वाचता आला पाहिजे, अशी अट घाला आणि बघा. भिंतींसाठी जाड दोरा चिकटवायचा की पुठ्ठ्याची पट्टी, पायऱ्या कशा दाखवायच्या, पाण्याची जागा आणि स्वच्छतागृह बोटाला वेगवेगळं कसं कळणार, किती तपशील घातला तर बोट गोंधळेल, असे प्रश्न एकामागून एक उभे राहतात. त्यातल्या कशाचंच उत्तर शिक्षकांकडे तयार नसतं, आणि ते नसलेलंच बरं. नकाशा चालतो की नाही हे ठरवायलाही शिक्षक लागत नाहीत. डोळे मिटून बोट फिरवणारं मूल ते सांगतं. तो खऱ्या वापरणाऱ्याच्या हाती पडला तर आणखी स्पष्ट सांगितलं जातं.

कामाला बाहेरचा वाचक, वापरणारा किंवा प्रेक्षक असावा, हा माझा दुसरा निकष. लहान शाळांच्या इतिहासात हे वारंवार दिसतं. फ्रान्समधले शिक्षक सेलेस्तँ फ्रेने १९२० मध्ये बार-सुर-लू या गावातल्या शाळेत रुजू झाले. पहिल्या महायुद्धात फुफ्फुसाला जखम झाल्यामुळे त्यांना फार वेळ बोलून शिकवता येत नसे. ते मुलांना बाहेर फिरायला नेत, परतल्यावर मुलं पाहिलेलं लिहीत, आणि पुढे त्यांनी छोटं छपाईयंत्र वर्गातच आणलं. मुलं स्वतःचे मजकूर स्वतः जुळवून छापू लागली, आणि १९२६ पासून ती पानं दूरच्या ब्रिटनी भागातल्या एका शाळेकडे टपालाने जाऊ लागली. तिकडून त्यांची येऊ लागली. दूरवरचं अनोळखी मूल आपलं पान वाचणार आहे, हे कळल्यावर शुद्धलेखन तपासायला कुणी सांगावं लागत नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या डोंगराळ भागात १९६६ साली एका शाळेच्या भाषेच्या वर्गाने ‘फॉक्सफायर’ नावाचं नियतकालिक सुरू केलं: मुलं परिसरातल्या वृद्धांना भेटत, त्यांचं हातचं कसब आणि आठवणी टिपून घेत आणि छापत. त्यातल्या मजकुराचं पुस्तक १९७२ मध्ये निघालं आणि ते मूळ भागाच्या पलीकडे दूरवर पोचलं.

तुम्हाला छपाईयंत्र लागणार नाही. दुसऱ्या एका लहान शाळेशी टपालाने किंवा ध्वनिमुद्रणाने देवाणघेवाण सुरू केली तरी पुष्कळ झालं. एका फोनवर पंधरा मिनिटांचं श्रुतिनाट्य मुद्रित करता येतं, आणि त्यात लेखन, आवाज, पार्श्वध्वनी, वेळ मोजणं, शांतता राखणं अशी कितीतरी कामं निघतात. मंचावर पाय लटपटणारी मुलं श्रुतिनाट्यात मोकळी होतात, हा माझा अनुभव आहे.

आता त्या पाच-सहा मुलांबद्दल, जी सगळं उरकतात. माक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. ते निष्कर्ष १९१३ मध्ये छापले गेले. माणसं वाढली की एकूण जोर वाढतो, पण माणशी जोर घटतो. आठ जण ओढायला लागले तेव्हा प्रत्येकाचा वाटा एकट्याने ओढताना असलेल्या जोराच्या निम्म्यावर आला होता. तेव्हा दहाचा गट करून ‘सगळ्यांनी मिळून करा’ म्हणणं सोडा. तिघांचा गट उत्तम, चार चालतात, पाचवं मूल गटात असूनही बाहेर असतं. शिवाय प्रत्येक गटाचं काम पुढच्या गटाला लागणारं असावं. छत मोजणाऱ्यांचा आकडा आल्याशिवाय लिटर काढणाऱ्यांचं पान हलत नाही, अशी रचना असली की चुणचुणीत मुलं दुसऱ्याच्या हातून काम हिसकावून घेण्याऐवजी त्याला मदत करायला जातात.

लहान शाळेची एक खोड मात्र मोठ्या शाळेत इतकी त्रास देत नाही. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे बिल्ले घट्ट चिकटतात. एकदा ‘चित्र हिचं चांगलं’ ठरलं की शाळा सुटेपर्यंत प्रत्येक फलक तिच्याच गळ्यात, आणि ‘याला काही जमत नाही’ ठरलं की तेही कायमचं. मी एक नियम पाळतो: मागच्या प्रकल्पात जे काम केलं ते या प्रकल्पात करायचं नाही, पण ते करणाऱ्या नव्या मुलाला शिकवायची जबाबदारी तुमची. मुखपृष्ठ थोडं वाकडं होतं. होऊ द्या. चित्रकार मुलगी हिशेबाला बसते आणि तिच्या हाताखाली दुसरा कुणीतरी चित्र काढायला शिकतो. पाहुण्यांपुढे मांडायला चकचकीत काहीतरी हवं असतं तेव्हा हा नियम मोडावासा वाटतो, आणि मोडायचा नसतो तोही नेमका तेव्हाच.

दर्जाचं काय, ही शंका रास्त आहे. वाकडं झालं तरी चालेल म्हणजे कसंही झालं तरी चालेल असं नाही. दर्जा येतो खर्ड्यांमधून. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका लहान ग्रामीण शाळेत बरीच वर्षं शिकवलेले रॉन बर्गर हे या बाबतीत माझे गुरू म्हणायला हरकत नाही. आयडाहो राज्यातल्या पहिलीच्या एका मुलाने काढलेल्या फुलपाखराच्या चित्रांची मालिका ते दाखवतात. पहिलं चित्र पहिलीतल्या कुठल्याही मुलाचं असावं तसं. मग वर्गमित्र सुचवतात: पंख जास्त त्रिकोणी हवेत, खालची शेपटी राहिली, नक्षी अशी नाही. दर खेपेला मूल पुन्हा काढतं, आणि शेवटचं चित्र त्याच मुलाचं आहे यावर विश्वास बसत नाही. सूचनेसाठी बर्गर यांच्या तीन अटी आहेत: ती मायेने केलेली, नेमकी आणि उपयोगी असावी. ‘छान आहे’ ही मायेची आहे पण नेमकी नाही, म्हणून ती बाद. ‘तुझं अक्षर घाण आहे’ तर तिन्ही अटींवर बाद. लहान मुलांना हा खेळ फार लवकर समजतो. मोठ्यांना सवय लागायला वेळ लागतो, आणि शिक्षकांना सगळ्यात जास्त, कारण आपल्याला उत्तर सांगून मोकळं व्हायची घाई असते.

पहिला खर्डा साध्या कागदावर, पेन्सिलीने. चांगला कागद, रंग, पुठ्ठा तिसऱ्या खर्ड्यानंतरच कपाटातून निघेल. यात पैसेही वाचतात. पैशांबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं माझ्याकडे नाही. साहित्याच्या टंचाईमुळे बुडालेला प्रकल्प मी क्वचितच पाहिला आहे.

भांडणं होतील. मोठ्या शाळेत भांडलेल्या मुलांना दुसऱ्या तुकडीत दुसरे मित्र मिळतात. तुमच्याकडे तीच मुलं पुढची पाच-सहा वर्षं एकमेकांसमोर असणार. म्हणून भांडण दाबू नका आणि घाईने मिटवूही नका. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं सगळे गोलात बसून तीनच गोष्टी बोला: काय अडलं आहे, कुणाला मदत हवी आहे, काय ठरलं. ठरलेलं एकाने वहीत लिहायचं आणि पुढच्या आठवड्याची सुरुवात ते वाचून करायची. इंग्लंडमधल्या समरहिल शाळेच्या सभांमध्ये मुलांचं आणि मोठ्यांचं मत सारखंच मोजलं जातं. तुम्हाला तिथपर्यंत जायची गरज नाही. पण एखाद्या बाबतीत निर्णय मुलांचा असेल असं सांगितलं, तर मग तो मुलांचाच राहू द्या. बैठकीत ठरलेलं शिक्षकांनी नंतर एकट्याने बदललं, की मुलं ती बैठक नाटक म्हणून धरतात आणि तोंडदेखलं बोलू लागतात. अध्यक्षपद फिरतं ठेवा, आणि शिक्षकांनी हात वर करूनच बोलायचं.

वेळेबद्दल एकच आग्रह. रोजच्या एका तासात प्रकल्प होत नाही. सामान काढण्यात आणि आवरण्यातच त्यातला मोठा भाग जातो. आठवड्यातून दोन तास जोडून घ्या आणि ती वेळ कशासाठीही देऊ नका. चार शिक्षकांनी चार वेगळे प्रकल्प चालवण्यापेक्षा चौघांनी मिळून सगळ्या शाळेचा एक चालवावा. कुणी रजेवर गेलं तरी गाडं थांबत नाही, आणि मिश्र वयाचे गट करायला मोकळीक मिळते. वर्षाला असा एक पुरे. अभ्यासक्रम बुडतो अशी तक्रार येईलच. त्यावर वाद घालण्यापेक्षा महिनाअखेरीस अभ्यासक्रमाची यादी समोर घेऊन बसा आणि दशांश, क्षेत्रफळ, आलेख, पत्रलेखन, वृत्तांतलेखन यांपैकी मुलांनी प्रत्यक्ष काय वापरलं त्यावर खुणा करा. जे सुटलं असेल ते नेहमीच्या तासाला शिकवा. सगळं काही प्रकल्पातून शिकवता येतं या मताचा मी नाही. पाढे आणि वाचनाचा सराव त्यांच्या जागी हवाच.

प्रदर्शनात क्रमांक काढू नका. सत्तर मुलांच्या शाळेत तीन बक्षिसं म्हणजे सदुसष्ट जणांना निरोप, आणि ती तीन नावं कोणती असतील हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. त्याऐवजी पाहुण्याने कुठल्याही मुलाला कुठल्याही गटाच्या कामाबद्दल विचारावं आणि मुलाने सांगता यावं, अशी तयारी करा. स्वतःच्या कामाबद्दल पाठ केलेली चार वाक्यं कुणीही म्हणतं. शेजारच्या गटाने छत कसं मोजलं हे सांगायचं तर आधी त्या गटाकडे जाऊन ऐकावं लागतं. पालकांनाही बघायला बोलावू नका, काम द्या: लोकर गुंडाळणं, मुलाखतीला बसणं, नकाशा डोळे मिटून वाचून पाहणं. घरी प्रकल्प करून देणारे पालक बहुधा हौशी असतात. त्यांच्या हौसेला शाळेतच जागा मिळाली की ती मुलाच्या कामावर चढत नाही.

आणि एकोपा वाढतो आहे हे ओळखायचं कसं? मी तीन गोष्टी बघतो. मोठ्या वर्गातली मुलं लहान वर्गातल्यांना नावाने हाक मारतात का. गैरहजर मुलाचं काम कुणी न सांगता उचलतं का. आणि शिक्षक खोलीत नसताना काम चालू राहतं का. दोन-अडीच महिन्यांत यातलं काहीच दिसलं नाही, तर मुलांना उपदेश करत बसू नका. कामाची यादी पुन्हा काढा, प्रत्येक कामासमोर ते करणाऱ्या मुलांची नावं लिहा, आणि ज्या कामासमोर चारपेक्षा जास्त नावं आहेत किंवा ज्या मुलाचं नाव कुठेच नेमकं बसत नाही, तिथून दुरुस्तीला सुरुवात करा.